अंदमानच्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी हे अवश्य वाचा

अंदमानला जाणारे मराठी पर्यटक आधी सेल्युलर जेलमधील सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतात आणि मग हॅवलॉक व नील या बेटांच्या किनाऱ्यांकडे वळतात. २०१८ पासून या बेटांची अधिकृत नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत. आमचा कार्यक्रमही तसाच आखलेला होता. ज्या एजंटाने तो आखून दिला, त्याने निघण्यापूर्वीच आमची फसवणूक केलेली होती. ती उघडकीस आली पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर.

हा गृहस्थ फोनवर उत्तम मराठीत आणि अत्यंत आदबीने बोलत असे. डिसेंबरच्या गर्दीत बोटीची तिकिटे संपतील असे सांगून त्याने संपूर्ण रक्कम आगाऊ मागितली आणि ती कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतली. त्यानंतर तिकिटे व हॉटेलची व्हाउचर व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यांवर आमची नावे, तारखा, क्रमांक, सारे काही व्यवस्थित होते.

जेट्टीवरील कर्मचाऱ्याने यादी तपासून सांगितले, की तिकिटावरील क्रमांक दुसऱ्याच प्रवाशांचा आहे. म्हणजे कुणाच्या तरी खऱ्या तिकिटावर आमची नावे टाकून ते आम्हाला पाठवलेले होते. खासगी बोटी भरलेल्या होत्या. सरकारी बोटीत कशीबशी जागा मिळाली, पण हॅवलॉकला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असूनही तेथील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असल्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. ज्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहण्यासाठी आई-बाबांना एवढ्या लांब आणले होते, तो बेटाच्या पश्चिमेला आहे; तेथे जाईपर्यंत अंधार झालेला होता. त्यांचे उतरलेले चेहरे पाहून जो संताप आला, तो गेलेल्या पैशांपेक्षा मोठा होता.

विजयनगर किनाऱ्यावरील हॉटेलात कळले, की एजंटाने केवळ दर विचारले होते, पैसे भरलेच नव्हते. एलिफंट बीचची बोटसुद्धा पॅकेजमध्ये धरलेली होती; तिचेही पैसे आम्हाला पुन्हा भरावे लागले. एजंटाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

खासगी बोटीचे तिकीट प्रवाशाचे नाव आणि ओळखपत्र यांच्या आधारे निघते, त्यामुळे त्यावरील क्रमांक खरा आहे की नाही हे बोट कंपनीला थेट फोन करून घरबसल्या विचारता येते. हॉटेललाही त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून ‘खोली आमच्या नावावर आहे का’ एवढेच विचारून थांबू नये, तर ‘पैसे जमा झाले आहेत का’ हेही विचारावे, कारण पैसे न भरलेली नोंद हॉटेल केव्हाही रद्द करू शकते. ही दोन्ही उत्तरे मिळेपर्यंत एजंटाला उरलेली रक्कम देऊ नये, मग तो कितीही घाई करो.

पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. जितकी लवकर नोंद होईल, तितकी समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी एजंटाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पैसे भरल्याच्या नोंदी, व्हाउचर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संपूर्ण संभाषण जपून ठेवावे. आमची तक्रार याच कागदांच्या आधारे दाखल झाली आहे.