मदभावीची कोल्हापुरी: जोड अस्सल, नोंद अजून बाकी

बेळगाव जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या मदभावीत एका कारागिराच्या घरून कापशी घाटाचा (म्हणजे कापशी पद्धतीच्या आकाराचा) कोल्हापुरी चपलांचा जोड करून घेतला. उन्हाळाभर तोच पायात आहे. चपलेबद्दल लिहितेच, पण तिच्या कागदाबद्दलही लिहिणार आहे. चिकोडीच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे तो विषय सोडवत नाही.

जोड उत्तम. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. तळाच्या कडेनं चामड्याच्याच वादीची शिवण आहे, एकही खिळा नाही. कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, पातळ, पायाला घट्ट धरून बसणारे. खरी करामत मधल्या पट्ट्यावरच्या वेणीत आहे. वाद्या इतक्या बारीक कापल्यात की कुठला पदर कुठे संपतो ते बोट फिरवूनही कळत नाही. ही वेणी कारागिराच्या घरच्या काकूंनी घातली. त्या घरात वेणी आणि गोंडा बायकांच्याच हातचा, आणि किंमत ठरताना या कामाचा वेगळा हिशेब कुणी धरत नाही, हे मला खटकतं.

माप घ्यायची पद्धत आवडली. दोन्ही पावलं कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखली. डावा अंगठा जरा सैल बसला, तर कारागीर काकांनी तिथंच रापी (चामडं कापायचं हत्यार) घेऊन वादी ओढून दिली. अंगठ्यापाशी सुरुवातीला चावते. त्यावर त्यांचा उपाय: "अक्का, रातच्याला आतनं खोबरेल लावा, आधी घरात वापरा, मग बाहीर काढा. पाण्यात तेवढी घालू नका." तसं केलं, आता दिवसभर कोर्टात उभं राहूनही पाय दुखत नाहीत. वास मात्र आठवडाभर घरात राहतो आणि पावसाळ्यात ही चप्पल फडताळातच ठेवावी लागते. किंमत 1,400 रुपये. घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका.

जोड हातात आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून. ना शिक्का, ना नाव. आणि आमच्या बाजारपेठेत एका दुकानात रेग्झिनचा जोड 'अस्सल कोल्हापुरी' असं छापलेल्या खोक्यात, झळझळीत स्टिकर लावून विकायला ठेवलेला. गिऱ्हाईक खोकं बघतं.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात केलेली चप्पल कोल्हापुरी कशी, असं दोन्हीकडची माणसं विचारतात. तर नोंदवहीत ती आहे. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणीकृत मालक दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. आपल्या भागात दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरूनही तंटा होतो. तिथं दोन्ही राज्यांनी एका चपलेवर मिळून हक्क सांगितला, याचं मला अप्रूप वाटतं.

पण 1999 च्या जीआय कायद्यात मालक वेगळा आणि 'अधिकृत वापरकर्ता' वेगळा. कारागिराला स्वतःच्या हक्कानं ते नाव आणि खूण लावायची, नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचायचं, तर त्याची स्वतःची नोंद चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत हवी. मदभावीच्या काकांची नाही. अशी नोंद असते हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. जीआय राखतो ते नाव, घाट नव्हे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं अगदी असाच घाट दाखवला, 'कोल्हापुरी' म्हटलंच नाही. इथं ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. आपली नोंद इटलीत चालत नाही. घाटासाठी डिझाइन कायद्याकडे जावं, तर त्याला नवेपणा लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घाट नवा कुठून ठरणार? मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका झाली, ती जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी मागावी, असं कोर्टाचं म्हणणं. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर आहे, आणि म्हणूनच कारागिराचं नाव नोंदवहीत असणं इतकं गरजेचं आहे.

पुढे डिसेंबर 2025 मध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला: दोन्ही राज्यांत 2,000 जोड करायचे, किंमत सुमारे 800 युरो. चांगली गोष्ट आहे, काम येईल. पण ज्या वेणीसाठी जग एवढे पैसे मोजायला तयार आहे, ती घालणाऱ्या काकूंचा वाटा किती, हे करार करणाऱ्यांनी उघड सांगायला हवं.

काकांचा अर्ज मी भरायला घेतलाय. आधार, कामाचा पुरावा, घडवतानाचे फोटो जमवतेय. काकूंचा अर्ज वेगळा करायचा, हे मी दोघांना पटवलं आहे. निपाणी, अथणी, रायबागकडच्या वकील मित्रांनी आपापल्या ओळखीच्या कारागिरांसाठी एवढं करावं, फी न घेता.

जोड हवा असेल तर मदभावीत जाऊन समोर बसून माप द्या. दिवाळीआधी कामाची गर्दी असते, तेव्हा महिनाभर आधी सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या, कातडं रोखीनं आणावं लागतं.