लाकडी फरशीला पीयू की तेल? आधी ठरवा, लादी कोण पुसणार

ठाण्यात घोडबंदर रोडच्या बऱ्याच फ्लॅटांत आता हॉलला टाइल्स आणि एका बेडरूमला लाकूड अशी मांडणी दिसते. आमच्याकडेही तशीच आहे. १० बाय १२ची खोली, १८ मिलीमीटर जाडीच्या सागवानी फळ्या. दारापासून पलंगापर्यंतचा वरचा थर झिजला, तेव्हा पॉलिशवाल्याने दोन नमुने समोर ठेवले, एक पीयूचा आणि एक तेलाचा. दोन्ही सुंदर दिसत होते. पण नमुन्यावर कोणी बादली घेऊन लादी पुसत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्याचा पातळ, कडक पापुद्रा लाकडाच्या वर बसतो. चहा सांडला तर वरच थांबतो, हळदीचा थेंब लगेच टिपला तर डागही राहत नाही. रोज केर काढायचा आणि जेमतेम ओलसर फडकं फिरवायचं, एवढं पुरतं. अडचण येते ती ओरखडा उठल्यावर. पापुद्रा एका जागी फाटला तर तेवढाच तुकडा जोडता येत नाही, जोड दिसतो. मग अख्ख्या खोलीला हलकी घासणी देऊन वर नवा हात मारावा लागतो. हे काम पापुद्रा लाकडापर्यंत झिजण्याआधी केलं तर एका दिवसाचं असतं. उशीर झाला की मशीन लावून लाकूडच खरवडावं लागतं. सॉल्व्हंटचं पीयू सागाला मधासारखा पिवळसर रंग देतं, पण त्याचा वास बरेच दिवस जात नाही. पाण्यावर आधारित पीयू लवकर वाळतं आणि लाकडाचा मूळ रंग राखतं. लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर मी पाण्यावरचंच घेईन.

तेलाचं, म्हणजे हार्डवॅक्स ऑइलचं, वागणं अगदी उलट. ते लाकडात मुरतं आणि वर मेणाचा नावापुरता थर राहतो. पायाला स्पर्श लाकडाचाच लागतो, आणि मला स्वतःला हेच जास्त आवडतं. ओरखडा उठला तर तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने घासून कापसाच्या फडक्याने तेल लावायचं, तासाभराचं काम. पण ही फरशी लक्ष मागते. चालण्याच्या वाटेवर ठरावीक काळाने पुन्हा तेल द्यावं लागतं. ते राहून गेलं की ओल्या ग्लासाचं वर्तुळ उमटतं आणि तिथे लाकूड काळवंडतं. ते तेल लावलेली फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात मुळीच टाकू नका. जवसासारखं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या.

म्हणून निवड चमकेवर करू नका. लादी पुसायला येणाऱ्या ताई चार घरं करून येतात, त्यांच्या हातात फिनाईलची बादली आणि ओलं फडकं असतं, ते त्यांच्या कामाच्या घाईला साजेसंच आहे. तुम्ही दिवसभर बाहेर असाल आणि ती खोली त्यांच्याच हाती असेल, तर पीयू घ्या. तेल घ्यायचं तर त्या खोलीची लादी घरातल्याच माणसाने पुसायची, असं आधी ठरवा. आमच्याकडे हे काम माझ्याकडे आहे, म्हणून आम्ही तेल घेतलं.

पाण्याबद्दल मात्र दोघांनाही एकच नियम. कोणतंही फिनिश वरून पाणी अडवतं, फळ्यांच्या सांध्यातून उतरणारं पाणी नाही. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि आडवं फुगतं. साग त्यातल्या त्यात स्थिर लाकूड, ओक त्याच्यापेक्षा जास्त हलतो. ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८०–९० टक्क्यांवर जाते. एका पावसाळ्यात आमच्या खिडकीजवळच्या फळ्यांच्या कडा उचलल्या, मध्ये खोलगट झालं. लगेच मशीन मारून सपाट करू, असा सल्ला मिळाला. आम्ही थांबलो, खिडकीची गळती बंद केली, आणि जानेवारीपर्यंत बहुतेक फळ्या बसल्या. तेव्हाच कडा तासल्या असत्या, तर वाळल्यावर प्रत्येक फळीला मध्ये फुगवटा आला असता.

रोजच्या साधनांत फार विचार करण्यासारखं नाही. मऊ केसांचा झाडू किंवा व्हॅक्यूम, आणि मायक्रोफायबरचा सपाट मॉप, इतका पिळलेला की मागे राहिलेला ओलसरपणा मिनिटभरात उडून जावा. साबण लागलाच तर लाकडी फरशीसाठीचा, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना क्षारधर्मी. फिनाईलने चिकट थर बसतो, व्हिनेगरने चमक हळूहळू मरते. स्टीम मॉपवर पैसे घालवू नका, गरम वाफ थेट सांध्यात घुसते. पीयूवर मेणाचं पॉलिशही नको, पुढचा पीयूचा हात त्यावर धरत नाही. आणि घोडबंदरची बांधकामाची धूळ विसरू नका. त्यातली वाळू लाकडापेक्षा कितीतरी कठीण असते, चपलेखाली ती पॉलिश पेपरचंच काम करते. दाराशी जाड पायपुसणं आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, एवढ्याने निम्मी झीज वाचते असं मला वाटतं.

तुमच्या फळ्या इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायसारखा थर आणि वर खरं लाकूड अशा असतील, तर वरचा खऱ्या लाकडाचा थर किती जाड आहे ते बिलावर पाहा. ३–४ मिलीमीटर असेल तर एक-दोनदा मशीन सोसेल. एक मिलीमीटरच्या आत असेल तर मशीन नकोच, जुन्या फिनिशवर हलका हात द्या. लॅमिनेटला, म्हणजे लाकडाचं नुसतं चित्र छापलेल्या फरशीला, यातलं काहीच लागू नाही, त्याला ना पीयू ना तेल. आणि फर्निचरचा पॉलिशवाला मेलामाइनचं कडक पॉलिश सुचवेल, कारण त्याचा हात त्यावर बसलेला असतो. कपाटाला ते ठीक, पण पायाखाली ते तडकतं.

सध्याचं फिनिश शाबूत आहे का, हे घरीच कळतं. चालण्याच्या वाटेवर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल राहिला तर घाई नाही. काही मिनिटांत लाकूड तिथे गडद झालं तर कारागिराला बोलवा, पण काम डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या, तेव्हा हवा कोरडी असते आणि थर नीट वाळतो. पलंग-कपाट परत लावायची आणि सतरंजी अंथरायची घाई नको. डब्यावर लिहिलेली पूर्ण वाळण्याची मुदत संपेपर्यंत थांबा.