टपाली मत ठेवावं की प्रॉक्सी द्यावी? फौजीच्या नजरेतून

निवडणूक जवळ आली की युनिटमधली नवीन पोरं विचारतात, सर टपाली ठेवू का प्रॉक्सी देऊ (म्हणजे आपल्या वतीनं मत टाकायला गावाकडं माणूस नेमू), म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी दोन्ही करून बघितलंय. तुमचं नाव सर्व्हिस व्होटर म्हणून, म्हणजे गावाकडच्या यादीत फौजी मतदार म्हणून, लागलंय असं धरून चालतो.

टपालीत मत तुमचं, खूण तुमच्या हातची, कुणाला कळायचा प्रश्न नाही. आणि आता बरंच सोपं झालंय. आमचे चुलते कारगिलला वर होते, लढाई जुलैत संपली आणि सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९ ला लोकसभा झाली, तेव्हा मतपत्रिका यायची पण टपालानं आणि जायची पण टपालानं, त्यांच्या हातात ती पडली निकाल लागल्यावर. २०१६ पासून ती ऑनलाइन यायला लागली, पिन टाकायचा, डाउनलोड करायची, प्रिंट काढायची.

पण परत जाताना ती अजून कागदाच्या पाकिटातच जाते, आणि मला नडलं ते तिथंच. २०१९ ची विधानसभा, आमची कंपनी वरच्या पोस्टवर. अर्ज माघारीची मुदत ७ ऑक्टोबर, उमेदवार पक्के झाल्याशिवाय मतपत्रिका निघत नाही, आणि मोजणी २४ ला, सकाळी ८ च्या आत पाकीट तिकडं गावाकडं पोचलं पाहिजे, म्हणजे हातात सगळे मिळून १७ दिवस. प्रिंटर खाली बटालियन हेडक्वार्टरला, वर बर्फ पडायला लागलेला, गाडी बंद, कागद वर आला तोच १८ ला. हातमोजे काढून खूण केली, घोषणापत्रावर साहेबांची सही घेतली, आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, डिंक गोठलेला तर बाटली बुखारीजवळ, म्हणजे बंकरातल्या शेगडीजवळ, धरून पातळ केला. २० ला ते डाकेच्या थैलीत गेलं. पोचलं का, मोजलं गेलं का, आजपर्यंत मला माहीत नाही. बाकी सगळं सोसलं असतं, पण हे न कळणं मनाला फार लागलं.

प्रॉक्सी २००३ पासून आहे. फॉर्म १३ एफ सीओ साहेबांपुढं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपुढं, सही करून पाठवायचा, रजेवर असाल तर गावाकडं नोटरीपुढं केला तरी चालतो. ज्याला नेमाल तो त्याच मतदारसंघात राहणारा आणि १८ पूर्ण पाहिजे. एकदा नेमला की रद्द करेपर्यंत पुढच्या निवडणुकांना तोच चालतो, फक्त फॉर्म आधीच द्या, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. मी बायकोला नेमलं. २०२४ च्या विधानसभेला परत तसंच, माघार ४ नोव्हेंबर, मोजणी २३ ला, आणि मी परत बॉर्डरवर. २० तारखेला दुपारी तिचा फोटो आला, डाव्या हाताच्या दोन बोटांना शाई, पहिल्या बोटाला तिच्या मताची आणि मधल्या बोटाला माझ्या. किती वेळ बघत बसलो होतो तो फोटो.

आता प्रत्येकाला हे जमेल असं नाही. घरात राजकारणावरून दोन तट असतील, किंवा आपलं मत दुसऱ्याला सांगायचंच नसेल, तर टपालीच बरं, त्यात वाईट काही नाही. घरचे सगळे पोरांच्या शाळेसाठी पुण्याला राहत असतील तर गावात नेमायचं कुणाला? राज्याबाहेर ड्युटीला गेलेल्या एसआरपीएफच्या (राज्य राखीव पोलीस) भावांना तर प्रॉक्सी मिळतच नाही. आणि पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत छावणीत, असाल, त्यातून लोकसभा असेल तर टपालीला वेळ पुष्कळ मिळतो, २०२४ ला आमच्याकडं माघार २२ एप्रिलला आणि मोजणी ४ जूनला होती.

पण फील्डला असाल, तणाव असेल, रजा बंद असतील आणि गावाकडं भरवशाचं एक माणूस असेल, तर माझं ऐका आणि पुढच्या रजेत १३ एफ भरून टाका. माणूस बदलावासा वाटला तर १३ जी आहेच.