सहा महिने मुलांकडे अमेरिकेत: बेळगावहून नेलेली शुगरची औषधं आणि व्हिजिटर विमा, वापरानंतरचा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच निवृत्त जोडपी आता वर्षातले काही महिने मुलांकडे परदेशात काढतात. त्यातल्या ज्यांना शुगर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जनऔषधीतल्या गोळ्या, पेनचं इन्सुलिन, इथूनच नेलेलं ग्लुकोमीटर आणि अमेरिकेतला व्हिजिटर विमा असा सगळा सरंजाम सहा महिने तिकडे आणि परत आल्यावर तीन महिने वापरून झाला. गोळ्यांचा खर्च सहज आटोक्यात राहतो. विम्याकडून मात्र भलती अपेक्षा ठेवून जाऊ नका.

आधी जनऔषधी. सिटाग्लिप्टिन या शुगरच्या औषधाचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधीने ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना आणल्या. त्या वेळी ब्रँडची पट्टी १६० ते २५८ रुपयांना होती. त्या दराने रोज एक गोळी धरली तर महिन्याला १८० रुपये. नऊ महिन्यांत शुगरच्या आकड्यांत ब्रँडच्या गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही. त्रास आहे तो साठ्याचा. एकाच दुकानात तीन महिन्यांचा माल एकदम मिळेलच असं नाही, म्हणून निघायच्या महिनाभर आधी मागणी नोंदवावी. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतात. दुसरी गोष्ट, पुढच्या वेळी पट्टी वेगळ्या कारखान्याची येते, गोळीचा रंग आणि आकार बदलतो, आणि म्हातारी माणसं गोंधळून एकच औषध दोनदा घेतात. नवी पट्टी आली की जुनीच्या शेजारी ठेवून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा. मेटफॉर्मिन घेताना पट्टीवर 'एसआर', म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी गोळी, असं आहे का ते बघा. साधी गोळी आली तर पोट बिघडू शकतं. एसआर गोळी मोडून किंवा चावून घ्यायची नाही. अमेरिकेत त्याच प्रकाराला 'ईआर' म्हणतात.

मूळ नावाचा आग्रह धरतोय, कारण आपल्या मेडिकलमध्ये आपण ब्रँडच्या नावाने मागतो आणि ते नाव तिकडे कोणालाच माहीत नसतं. 'ग्लायकोमेट जीपी २' म्हणजे ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५००. तिकडे ही दोन औषधं वेगवेगळी घ्यावी लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि व्होग्लिबोज ही औषधं अमेरिकेत विकलीच जात नाहीत. यातलं एखादं चालू असेल तर तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला. गोळी बदलायची असेल तर ती बेळगावात असतानाच बदलून, शुगर स्थिर झाल्यावर निघावं.

किती न्यायचं? तिकडचे अधिकारी स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांचा साठा मान्य करतात. सगळ्या गोळ्या मूळ पट्टीत ठेवा. आठवड्याच्या डबीत काढून नेल्या तर कोणती गोळी कशाची हे दाखवता येत नाही. सोबत मेडिकलचं बिल आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं. आपल्या भागात इथे चूक होते ती नावाची. कर्नाटकात चिठ्ठीवर सवयीने आद्याक्षरं लिहितात आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव असतं. पत्रावर आणि बिलावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहून घ्या. ९० दिवसांचा साठा संपला की तिकडे घ्यावं लागतं, आणि भारतातली चिठ्ठी तिकडच्या फार्मसीत चालत नाही, तिथल्या डॉक्टरची लागते. ती एकदा मिळाली की मेटफॉर्मिन स्वस्त आहे. वॉलमार्टच्या यादीत ३० दिवसांचं ४ डॉलरला आणि ९० दिवसांचं १० डॉलरला. खर्च होतो तो डॉक्टरला दाखवण्याचा, म्हणून बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसह सगळी चिठ्ठी एकाच भेटीत लिहून घ्यावी.

आता इन्सुलिन. इथे चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडची १० मिलिलिटरची बाटली बहुतेक वेळा ४० ताकदीची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेतली बाटली १०० ताकदीची आणि तिची सिरिंज नारिंगी टोपणाची. बाटली तिकडची आणि सिरिंज इथली असा मेळ झाला, तर २० च्या रेघेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात ५० युनिट होतं. उलट केलं, तर २० ऐवजी फक्त ८ युनिट शरीरात जातात आणि शुगर का चढतेय ते कळतच नाही. म्हणून प्रवासासाठी पेन घेतलेला सर्वात बरा, कारण पेनची कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसवायची इन्सुलिनची नळी, दोन्हीकडे सहसा १०० ताकदीचीच असते. हिशोब असा: सकाळी १२, रात्री ८, आणि दर वेळी सुई तपासायला उडवायचे २, म्हणजे दिवसाला २४ युनिट. ९० दिवसांना २,१६० युनिट. एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, म्हणजे ८ लागतात, आणि फुटली-बिघडली तर म्हणून एक जादा.

अडचण आलीच तर वॉलमार्टमध्ये साधं ह्यूमन इन्सुलिन साधारण २५ डॉलरला बाटली, बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ज्या मिश्र इन्सुलिनवर ३०/७० लिहितात त्यावर तिकडे ७०/३० लिहिलेलं असतं. मिश्रण तेच आहे, घाबरू नये. अ‍ॅनालॉग, म्हणजे रचना थोडी बदलून बनवलेलं नव्या प्रकारचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यावर जाऊ नये.

सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) निघताना इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानात टाकलं तर ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. बर्फाच्या पिशवीला कार्ट्रिज थेट टेकवू नका, मध्ये टॉवेलची घडी घाला.

आता विमा. एजंट फोनवर 'शुगर कव्हर आहे' म्हणतो, पण कागदावर तसं नसतं. व्हिजिटर विम्यात आधीपासून असलेल्या आजाराची रोजची औषधं, तपासण्या, डॉक्टरची नेहमीची भेट यांतलं काहीच मिळत नाही. मिळालंच तर त्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या झटक्याचं मिळतं. त्यालाही बहुतेक पॉलिसींत अटी असतात: लक्षण पूर्वसूचना न देता यायला हवं आणि २४ तासांत उपचार घ्यायला हवा. शुगर एकदम उतरून शुद्ध हरपली तर ते यात बसू शकतं. पायाची जखम आठवडाभर चिघळत गेली तर बसत नाही. वय ७० किंवा ८० ओलांडलं की हे संरक्षण कमी होतं किंवा संपतं, म्हणून घेण्याआधी वयाचा तक्ता नीट वाचा.

दोन प्रकारांपैकी 'फिक्स्ड' स्वस्त पडतो, पण प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कमच देतो, उरलेलं बिल आपल्या अंगावर. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे सर्वसमावेशक, महाग आहे, तरी ज्येष्ठांनी तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मधुमेह लपवू नका. दाव्याच्या वेळी विमा कंपनी जुने रिपोर्ट मागवते. दवाखान्यातून निघताना ठोक बिल न घेता बाबवार बिल मागा, त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही.

तिकडे असताना इथली मेडिक्लेम बंद पडू देऊ नका. ती सहसा भारतातल्याच उपचारांना चालते, म्हणून काही जण 'सहा महिने उगाच कशाला भरायचं' म्हणतात. पण खंड पडला की जुन्या आजारासाठी काढलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो, वाया जातो. हा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि आपल्या वयात तो पुन्हा मोजायला लागणं परवडत नाही. वार्षिक हप्ता उशिरा भरायला ३० दिवसांची मुभा असते. अडतं ते ओटीपीवर. तो भारतातल्या सिमवर येतो आणि रिचार्ज संपलेला असतो. निघण्याआधी सिमला रोमिंग चालू करून घ्या किंवा हप्ता आधीच भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. ४० हजारांच्या हप्त्यावर पूर्वी ७,२०० रुपये कर जायचा. जुन्या कर पद्धतीत राहिलेल्या ज्येष्ठांना या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, त्यामुळे पावती जपा.

ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली. ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्या जनऔषधीतूनच घ्याव्या लागतात.

ग्लुकोमीटर इथलंच नेलं आणि ते योग्य ठरलं, कारण अमेरिकेतही आकडे आपल्यासारखेच येतात. कॅनडा किंवा इंग्लंडला एकक वेगळं असतं, तिकडच्या मीटरवर ७ दिसलं तर त्याला १८ ने गुणा, म्हणजे १२६. स्ट्रिप्स मात्र पूर्ण मुक्कामाच्या न्या, आपल्या मीटरच्या तिकडे सहसा मिळत नाहीत. परत आल्यावर, विशेषतः खानापूरकडच्या पावसात, स्ट्रिपच्या डबीचं झाकण एक मिनिटही उघडं ठेवू नका. दमट हवा लागलेली स्ट्रिप कधी एररच देते आणि कधी भलताच आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सुलिनचा डोस बदलणं धोक्याचं आहे.