महावितरणविरुद्धची तक्रार तपासते कोण? ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचे परीक्षण

वीज कायदा, २००३ च्या कलम ४२(५) ने प्रत्येक वितरण कंपनीवर एक चमत्कारिक बंधन घातले आहे. स्वतःविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी कंपनीने स्वतःच मंच स्थापन करायचा, त्याला जागा द्यायची, कर्मचारी द्यायचे, त्याचा खर्च सोसायचा आणि मग त्याचा आदेश मुकाट्याने पाळायचा. मंच कसा असावा, तक्रार कशी चालवावी याचे नियम मात्र कंपनी करत नाही; ते राज्य वीज नियामक आयोग करतो. महाराष्ट्रात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने यासाठी आधी २००३ मध्ये, मग २००६ मध्ये आणि नंतर २०२० मध्ये विनियम केले. महावितरण ही अडीच कोटींहून अधिक ग्राहक असलेली शासनाच्या मालकीची कंपनी असून भांडुप, कल्याण, पुणे, कोल्हापूर, नाशिक अशा तिच्या परिमंडळांत हे मंच चालतात. बेस्टला आणि मुंबईतील खासगी वीज कंपन्यांनाही असा मंच ठेवावा लागतो. ग्राहक चळवळीच्या निमित्ताने इतरांच्या तक्रारींबरोबर या सुनावण्यांना बसण्याची आणि त्याहून अधिक वेळ आदेश वाचण्याची मला सवय आहे. एक सार्वजनिक सेवा म्हणून ही यंत्रणा ग्राहकाच्या किती उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

प्रथम जमेची बाजू. मंचापुढे वकील चालत नाही. ग्राहक स्वतः बोलू शकतो किंवा आपला प्रतिनिधी नेमू शकतो, पण तो व्यवसायाने वकील नसावा, आणि हे बंधन कंपनीलाही लागू आहे. परिणामी टेबलाच्या एका बाजूला किराणा दुकानदार किंवा गृहनिर्माण संस्थेचा सचिव आणि दुसऱ्या बाजूला उपविभागाचा अभियंता, असा सामना होतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात करावा लागतो, पण तो कोणत्याही साक्षर माणसाला भरता येईल इतका सोपा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावे लागते आणि मंचाने साठ दिवसांत आदेश द्यावा अशी अपेक्षा आहे. वीजपुरवठा तोडण्याची टांगती तलवार असेल तर मंच अंतरिम आदेशाने ती तोड थांबवू शकतो. दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या ज्याने झिजवल्या आहेत, त्याला यातील प्रत्येक गोष्टीचे मोल कळेल.

आता चौकशी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, कारण तिथेच या यंत्रणेचे खरे रूप दिसते. चौकशी म्हटल्यावर कोणी अधिकारी घरी येऊन मीटर उघडून पाहील, कर्मचाऱ्यांचे जबाब घेईल, असे चित्र ग्राहकाच्या मनात असते. तसे क्वचितच होते. ही चौकशी कागदांची असते आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सीपीएल. सीपीएल ही ग्राहकाची वैयक्तिक खातेवही होय. तिच्यात दर महिन्याची एक ओळ असते : मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती, आकारलेले बिल, भरलेली रक्कम, थकबाकी. वाचायची सवय झाली की एखाद्या जोडणीची सारी कहाणी या ओळींत दिसू लागते. समजा, एका घराचा वापर वर्षानुवर्षे दरमहा शंभर युनिटच्या आसपास आहे. मग सलग सहा महिने स्थितीच्या रकान्यात कधी ‘लॉक’ (घर बंद), कधी ‘आरएनए’ (रीडिंग मिळाले नाही) अशी नोंद आहे आणि युनिटच्या रकान्यात दर महिन्याला तोच शंभराचा आकडा आहे. सातव्या महिन्यात रीडिंग घेतले जाते आणि फरक निघतो १,९०० युनिटचा. ग्राहकाच्या हातात येते ते फक्त हे शेवटचे बिल, आणि तो म्हणतो, ‘मीटर पळतोय.’

मंचापुढे आलेला हा दावा अनेकदा तिथेच फसतो. मीटरची तपासणी होते, जागेवर अॅक्युचेक हे तपासणीचे उपकरण लावून किंवा मीटर काढून चाचणी विभागात पाठवून, आणि अहवाल येतो की मीटर योग्य आहे. ग्राहकाला वाटते, आपण हरलो. प्रत्यक्षात त्याची खरी तक्रार मीटरविषयी नसतेच. सहा महिने रीडिंग का घेतले नाही आणि साचलेले युनिट एकाच महिन्याच्या टप्प्यांत का मोजले, हे त्याने विचारायला हवे असते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : पहिली शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढे. १,९०० युनिट एका महिन्याची धरली तर त्यांतली बहुतेक सर्वांत महागड्या टप्प्यात जातात. सात महिन्यांत विभागली तर महिन्याला सुमारे २७१ युनिट पडतात आणि तिसरा टप्पासुद्धा गाठला जात नाही. आधी भरलेल्या सरासरी बिलांची वजावट करून हा हिशेब नव्याने मांडला की रक्कम बरीच खाली येते. उपविभागात त्यासाठी ‘बी-८०’ नावाचा बिल दुरुस्तीचा प्रस्ताव तयार होतो. मंचाचा आदेश म्हणजे पुष्कळदा हा बी-८० भरण्याचा आदेश असतो, आणि ज्याने अर्जात टप्प्यांचा लाभ मागितलेला असतो त्याला तो सहज मिळतो.

मीटर खरोखरच सदोष निघाला तरी नियम ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वाद निर्माण झालेल्या महिन्याच्या आधीच्या कमाल तीन महिन्यांपुरतीच बिलाची दुरुस्ती करता येते. मीटर मंद होता म्हणून मागच्या तीन वर्षांचा फरक एकदम मागणे या नियमात बसत नाही, आणि हा मुद्दा नेमका मांडला तर मंच तो उचलून धरतात. सुनावणीला जाण्यापूर्वी किमान दोन-तीन वर्षांचा सीपीएल उतारा, स्थळ पाहणी अहवाल आणि मीटर तपासणी अहवाल यांच्या प्रती लेखी मागून पोच घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. १९१२ या तक्रारींच्या दूरध्वनी क्रमांकावर केलेल्या फोनला तक्रार क्रमांक मिळतो, पण मंचापुढे तारखेसह शिक्का मारलेली पोचच बोलते.

दोष इथून सुरू होतात. मंचात अध्यक्षासह तीन जण असतात. त्यांतला सदस्य सचिव कंपनीचाच अभियंता असतो आणि एक सदस्य ग्राहकांच्या बाजूने असतो. मतभेद झाल्यास बहुमत चालते. मंचाची कचेरी बहुतेक ठिकाणी कंपनीच्याच इमारतीत असते. ज्या जिन्याने आपण बिलाचे भांडण घेऊन वर्षभर चढतो-उतरतो, त्याच जिन्याने न्याय मागायलाही जायचे. मी पाहिलेल्या बहुतेक सदस्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. सदस्य सचिवाचा एक उपयोगही आहे : सीपीएलमधील कोणती नोंद संगणकाने आपोआप केली आणि कोणती माणसाने, हे तो एका नजरेत सांगतो. पण त्याची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल ज्या संस्थेच्या हाती आहे तिच्याविरुद्ध त्याने मत द्यायचे, ही अपेक्षाच अवघड आहे. मंचासाठी आयोगाने स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र जागा दिली असती तर आदेश फार बदलले असते असे नाही. मात्र हरलेला ग्राहक निदान संशय घेऊन बाहेर पडला नसता.

त्याहून मोठी उणीव अधिकारक्षेत्राची आहे. कलम १२६ खालील अनधिकृत वापराचे आकारणी आदेश आणि कलम १३५ पासून पुढचे वीजचोरीचे प्रकार मंचाकडे चालत नाहीत. चोरीची प्रकरणे विशेष न्यायालयात जातात, हे समजण्यासारखे आहे. खरी अडचण १२६ ची आहे. घरगुती जोडणीवर छोटी शिकवणी किंवा पिठाची गिरणी चालवली तर वापराचा प्रकार बदलला म्हणून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि हा अनधिकृत वापर केव्हा सुरू झाला ते ठरवता आले नाही तर ती मागील बारा महिन्यांसाठी धरली जाते. या आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहक न्यायालयाकडे, जावे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे की कलम १२६ खालील आकारणीविरुद्धची तक्रार तिथे चालणार नाही. म्हणजे एकाच घटनेला कंपनीने ‘दरवर्गातील बदल’ म्हटले तर मंचाचे दार उघडे आणि ‘अनधिकृत वापर’ म्हटले तर बंद. कोणते कलम लावायचे हे ठरवणारा आकारणी अधिकारी कंपनीचाच माणूस असतो. प्रकरण नावालाच १२६ चे आहे की खरोखर तसे आहे, हे मंच प्राथमिक पातळीवर तपासू शकतो, पण ती तपासणी मागण्याचे भान सामान्य ग्राहकाला नसते.

मंचाच्या आदेशाने समाधान झाले नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. कलम ४२(६) प्रमाणे त्यांची नेमणूक आयोग करतो. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालये आहेत. या संपूर्ण व्यवस्थेतला हा सर्वांत चांगला भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकपाल कंपनीचे नोकर नाहीत, त्यांचे आदेश सविस्तर असतात, ते संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे व नंतर कारणमीमांसा असा त्यांचा क्रम असल्यामुळे कोणत्या मुद्द्याचे काय झाले ते वाचकाला कळते. नागरिकाला फुकट मिळणारे कायद्याचे इतके उपयुक्त वाचन दुसरे नाही.

मागील थकबाकीचा प्रश्न लोकपालांनी कसा हाताळला ते पाहण्याजोगे आहे. कलम ५६(२) म्हणते की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, मात्र ती सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर करता येते. साधे वाक्य आहे, पण ‘पहिल्यांदा देय’ केव्हा? वीज वापरली तेव्हा, की बिल दिले तेव्हा? मोठ्या ग्राहकांच्या बाबतीत मीटरचा गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणून युनिट काढतात तो आकडा, चुकीचा नोंदला गेला, एक ऐवजी दोन धरायला हवा होता, असे पाच-सात वर्षांनी लक्षात येते आणि लाखोंचे पुरवणी बिल निघते. चूक कंपनीची, पण वीज ग्राहकाने वापरलेली. त्यामुळे प्रश्न दिसतो तेवढा एकतर्फी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये निर्णय दिला की मागणीच्या तारखेपासून मागच्या दोन वर्षांपलीकडच्या वापराची रक्कम कंपनीला मागता येणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात म्हटले की रक्कम बिल दिल्यावर देय होते, चूक उघडकीस आल्यावर पुरवणी मागणी करता येते, पण दोन वर्षांनंतर त्या रकमेसाठी वीज तोडण्याचा मार्ग वापरता येत नाही. या दोन निर्णयांच्या मधल्या अरुंद वाटेने जात लोकपालांनी अनेक आदेशांत वसुली मागच्या चोवीस महिन्यांपुरती सीमित केली, व्याज आणि विलंब आकार माफ केला आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी घ्यायला लावली. व्यवहारी न्याय म्हणतात तो असाच असतो.

दोन्ही पातळ्यांवर एक गोष्ट मात्र सारखीच हातातून निसटते. पैसे परत मिळतात, पण सहा महिने रीडिंग न घेणाऱ्या एजन्सीला किंवा गुणक चुकीचा नोंदणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. जबाबदारी निश्चित करून कारवाई करावी, असे एखादे वाक्य काही आदेशांच्या शेवटी असते. त्या कारवाईचे पुढे काय झाले हे तक्रारदाराला कळवण्याची सोय नाही. नुकसानभरपाई दिलीच तर ती कंपनीच्या तिजोरीतून जाते, आणि कंपनीचे मान्य खर्च शेवटी वीजदरात उतरतात.

गोव्यात परिस्थिती आणखी वेगळी आहे. तिथे कंपनीच नाही, शासनाचे वीज खातेच पुरवठा करते, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या, गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. मडगावच्या ग्राहकाच्या तुलनेत कल्याणचा ग्राहक सुदैवी म्हणायला हवा.

आदेश हाती आला की बरेच ग्राहक गाफील राहतात. पूर्ततेची मुदत आदेशातच लिहिलेली असते. ती उलटून गेल्यावर पुढच्या बिलात जुनी थकबाकी जशीच्या तशी छापून आली, तर उपविभागात पुन्हा वाद घालत बसण्याऐवजी आदेशाची प्रत जोडून मंचाला लेखी कळवावे आणि तरीही हालचाल झाली नाही तर आयोगाकडे कलम १४२ खाली अर्ज करावा. त्या कलमानुसार प्रत्येक उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिल्यास दररोज सहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असा अर्ज करण्याचा इरादा नुसता पत्राने कळवला तरी बी-८० दुसऱ्या टेबलावर सरकल्याचे मी पाहिले आहे.