रीपरचं नोटेशन: चाल बसवायला एकदम भारी, पण वादकांच्या हातात द्यायचा कागद म्यूझस्कोरमधूनच काढा

निकाल आधीच सांगून टाकतो. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा नोटेशन व्ह्यू (सूर पाच रेघांवर लिहून दाखवणारी खिडकी) चाल डोळ्यांनी बघायला, चुकलेला सूर पकडायला, व्हायोलिनचे दोन-तीन भाग एकमेकांवर बसवायला फार चांगला आहे आणि त्या पैशात दुसरं काही जवळपासही येत नाही, पण वादकांच्या स्टँडवर ठेवायचा कागद त्यातून काढायला जाऊ नका, त्यासाठी म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर लागतंच. आता हे का, ते सविस्तर लिहितो, कारण डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर) घेताना सगळे प्लगइन आणि साउंडचीच चौकशी करतात, नोटेशनबद्दल कुणी विचारतच नाही आणि मग लाइव्ह रेकॉर्डिंग ठरलं की धावपळ.

मी अरेंजिंग करतो, भावगीतं, नाटकाचं संगीत, मधूनमधून एखादी शॉर्ट फिल्म. चाल बहुतेक वेळा पेटीवर तयार झालेली असते, ती मी कीबोर्डवर वाजवून मिडीमध्ये (आवाज नाही, कुठली की कधी दाबली याची नोंद) घेतो आणि त्यावर बाकीचं काम उभं करतो. बजेटमध्ये खरी व्हायोलिन बसत असतील, क्लॅरिनेट किंवा सॅक्स असेल, तर त्या मंडळींना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य लिखाण) द्यावं लागतं. आपल्याकडे वाचून वाजवणाऱ्यांची ही परंपरा मुख्यतः गोव्यातून आली, तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरं लहानपणीच व्हायोलिन आणि सोल्फेज (स्वर वाचून गाणं) शिकायची, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या लोकांनी मुंबईत येऊन सिनेमाचे अख्खे ऑर्केस्ट्रा हाताने लिहिले, प्रत्येक वादकाचा पार्ट वेगळा. आजही चांगला वादक समोर स्वच्छ कागद असेल तर पहिल्याच वाचनात पीस वाजवून मोकळा होतो, आणि स्टुडिओचं भाडं तासावर असतं, त्यामुळे कागद स्वच्छ असणं ही चैन नाहीये, पैशाचा प्रश्न आहे.

तर रीपर. नोटेशन व्ह्यू त्यात 2016 मध्ये आला. मिडी एडिटर उघडायचा, ऑल्ट दाबून 4, की पियानो रोलच्या (नोट आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी खिडकी) जागी पाच रेघा. डेटा तोच, फक्त बघायची पद्धत बदलते, म्हणजे इथे नोट वरखाली केली की पियानो रोलमध्येही ती हललेली असते. एकाहून जास्त ट्रॅक एकाखाली एक दिसतात, आणि मला सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला पियानो रोलमध्ये वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या दिसतात, कोण कुणाला कुठे ओलांडतंय ते कळायला वेळ लागतो, स्टाफवर ते एका नजरेत दिसतं.

पण पहिल्यांदा उघडाल तेव्हा घाबराल, कारण आपण हाताने वाजवलेलं असतं. अंतऱ्याची ओळ कुणीच मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवत नाही, जरा मागे रेंगाळतो, एखादा स्वर लवकर सोडतो, गाण्याची मजाच त्यात असते. कॉम्प्युटर मात्र ते सगळं जसंच्या तसं लिहायला जातो, आणि साध्या चार स्वरांच्या ओळीत बत्तिसांश रेस्ट (थांबे), नोटांना जोडणारे टाय, टिंब असलं जंगल उभं राहतं. इथे डिस्प्ले क्वांटाइझ हे सेटिंग कामाला येतं (क्वांटाइझ म्हणजे नोट ओढून ठोक्यावर सरळ करणं). नाव नीट वाचा, डिस्प्ले. ते फक्त दिसणं सरळ करतं, वाजणं तसंच ठेवतं. सोळांशावर सेट केलं, एकमेकांवर चढलेल्या नोट कमी करायचा पर्याय चालू केला, की कागदावर चार नीट क्वार्टर नोट आणि कानाला तेच रेंगाळणं. बरेच जण हे न बघता साधं क्वांटाइझ मारून टाकतात, मग दिसतं छान पण गाणं मेलेलं असतं. माझ्या मते डीएडब्ल्यूमधलं नोटेशन चांगलं की वाईट हे ठरवायची पहिली परीक्षा हीच, लिहिलेलं आणि वाजलेलं वेगळं ठेवता येतं का, आणि त्यात रीपर पास होतो.

लॉजिक प्रो इथे एक पाऊल पुढे आहे हे मान्य करायलाच पाहिजे. त्याच्या स्कोर एडिटरमध्ये क्वांटाइझच्या जागी 16,24 असा पर्याय दिसतो, म्हणजे सोळांश आणि ट्रिपलेट दोन्ही ओळख. दादऱ्यात किंवा लग्गीच्या जागी सरळ आणि तिप्पट चाल एकमेकांत मिसळलेली असते तिथे हे फार उपयोगी पडतं. शिवाय इंटरप्रिटेशन, सिंकोपेशन, नो ओव्हरलॅप असे स्विच प्रत्येक रीजनला (ट्रॅकवरच्या तुकड्याला) वेगळे, त्यामुळे ज्या दोन मात्रांत गोंधळ आहे तेवढा तुकडा कापून त्याचंच सेटिंग बदलता येतं. पण लॉजिक म्हणजे मॅक आलाच, 200 डॉलरचं सॉफ्टवेअर आणि त्याआधी मशीनचा खर्च. (मॅक आधीपासून असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यातही साधा स्कोर दिसतो आणि प्रिंट होतो, विद्यार्थ्यांना पुष्कळ झाला. फक्त त्यातून मिडी किंवा म्यूझिक एक्सएमएल, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी नोटेशनची फाइल, बाहेर काढता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या.)

आता आपल्याकडचा खरा त्रास, पट्टी. गायिका म्हणते काळी एक. कॉम्प्युटरला काळी एक म्हणजे सी शार्प, आणि सी शार्प मेजर लिहिलं की सुरुवातीलाच सात शार्प, त्यात ई शार्प आणि बी शार्पसारख्या नोट, व्हायोलिनवाला कागद बघूनच तुमच्याकडे बघतो. तीच पट्टी डी फ्लॅट म्हणून लिहा, पाच फ्लॅट, सगळ्यांच्या सवयीचं. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, काळी चार म्हणजे ए फ्लॅट, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट असंच लिहायचं, आणि हे की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) काम सुरू करतानाच घालायचं, शेवटी नाही. रीपरमध्ये ते लगेच होतं.

रागदारीवरची चाल असेल तर की सिग्नेचरही पुरत नाही. तोडीचं उदाहरण घ्या, पांढरी एकमध्ये. रे, ग, ध कोमल आणि म तीव्र, म्हणजे डी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि एफ शार्प एकाच ओळीत. असं पाश्चात्त्य की सिग्नेचरच नाही, आणि सॉफ्टवेअर सी मेजर समजून बसलं असेल तर कोमल रे सी शार्प म्हणून लिहिला जाण्याची दाट शक्यता. मग सा रे सा एवढीशी जागा कागदावर सी, सी शार्प, सी नॅचरल अशी दिसते, तिन्ही नोट एकाच रेघेवर आणि त्यातल्या दोघींना चिन्हं. डी फ्लॅट लिहिला की ती नोट वरच्या घरात जाते आणि वर जाऊन परत खाली येणं डोळ्यांना दिसतं. म्यूझस्कोरमध्ये नोट निवडून जे दाबलं की लिखाण बदलतं, आवाज तोच राहतो. तोडी, पूरिया, भैरव अशा अंगाच्या चाली असतील तर हे एकेक नोट बघून करायची तयारी ठेवा, कुठलंच सॉफ्टवेअर राग ओळखून लिहीत नाही.

मींड तर कागदावर येतच नाही. समजा बासरीचा पीस तुम्ही सॅम्पल्ड साउंडवर वाजवला, गंधार दाबला आणि पिच बेंडचं चाक फिरवून मध्यमावर नेऊन तिथे थांबलात. कानाला मध्यम ऐकू येतो, स्कोरमध्ये मात्र दोन मात्रांचा गंधार, कारण स्टाफ फक्त दाबलेली की बघतो, बेंड बघत नाही. तो कागद तसाच दिला तर वादक इमानदारीत गंधार वाजवणार आणि चूक त्याची नसणार. म्हणून नोटेशनसाठी मी ट्रॅकची वेगळी कॉपी करतो, तिच्यात बेंडच्या जागी खऱ्या नोट घालतो आणि वर स्लर किंवा ग्लिसांडोची रेघ देतो. आंदोलन, गमक या गोष्टी लिहायच्या भानगडीत पडत नाही, त्या जागी शब्दात लिहितो आणि रेकॉर्डिंगला गाऊन दाखवतो. आलापाचंही तेच, तिथे बार मोजण्यात अर्थ नाही, इशाऱ्यावर प्रवेश असं लिहायचं.

तालाचं सोपं आहे. रूपक सातचा, झपताल दहाचा, दीपचंदी चौदाचा, टाइम सिग्नेचर टाकता येतं. अडचण बीमिंगची, म्हणजे नोटांच्या शेपट्या कुठे जोडायच्या. रूपक तीन-दोन-दोन आहे आणि शेपट्या दोन-दोन-तीन अशा जोडल्या गेल्या तर वाचणाऱ्याचा हात चुकीच्या जागी वजन देतो. म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हे गट एकदाच ठरवता येतात.

आता छपाईकडे. रीपरमध्ये स्कोर आडवा वाहत जातो, पानाचा विचार त्यात मुळात कमी. आणि वादकाला तर पानच हवं असतं. चोवीस बार गप्प बसायचं असेल तर त्याला चोवीस रिकामी घरं नकोत, एक जाड आडवी रेघ आणि वर 24 हवेत. पान उलटायची जागा रेस्टवर यायला हवी. मुखडा, पहिला पीस, अंतरा यांना ए, बी, सी अशी मोठी अक्षरं हवीत, म्हणजे टॉकबॅकवरून (कंट्रोल रूममधल्या माइकवरून) बीपासून घ्या म्हटलं की सगळे एका जागी. क्लॅरिनेटचा आणि सॅक्सचा पार्ट त्यांच्या स्वतःच्या की मध्ये हवा. यातलं सगळं म्यूझस्कोरमध्ये आहे, रिकामे बार एकत्र करायला तर नुसतं एम दाबायचं, आणि सॉफ्टवेअर पूर्ण फुकट. त्यामुळे माझा रस्ता ठरलेला: रीपरमध्ये चाल, हार्मनी, डिस्प्ले क्वांटाइझ, मग म्यूझिक एक्सएमएल एक्सपोर्ट, मग म्यूझस्कोरमध्ये पानं. मिडी फाइल नेऊ नका, मिडीत की सिग्नेचर आणि टेम्पो फार तर येतो, शार्प-फ्लॅटचं लिखाण, स्लर वगैरे येत नाही, ते एक्सएमएलमध्ये येतं. शिवाय एक्सएमएलची एक कॉपी ठेवली की कुठल्याही कंपनीवर अवलंबून राहत नाही. फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचं काय झालं आठवा, 1988 पासूनचं सॉफ्टवेअर, ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने काम थांबवतोय म्हणून जाहीर केलं आणि लोकांच्या कित्येक वर्षांच्या फाइली त्याच फॉरमॅटमध्ये.

गाण्याचे शब्दही मी म्यूझस्कोरमध्येच घालतो, देवनागरीत. कंट्रोल एल, अक्षर लिहायचं, शब्द तोडायचा तिथे हायफन, पुढच्या शब्दाला स्पेस, आणि एका अक्षरावर चार स्वरांची हरकत असेल तर अंडरस्कोर. कोरसला हा कागद दिला की कोण कुठे श्वास घेतंय याचे वाद कमी होतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. क्यूबेस 14 मध्ये, नोव्हेंबर 2024 पासून, स्कोर एडिटर डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरच्या पायावर नव्याने बांधलाय, आणि डोरिको बनवणारी मूळ टीम म्हणजे सिबेलियस या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरचीच जुनी माणसं, 2012 मध्ये त्यांचं लंडनचं ऑफिस बंद झाल्यावर क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गमध्ये गेलेली. एकाच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग आणि बऱ्यापैकी देखणा कागद दोन्ही हवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर आज मी तिकडेच बोट दाखवेन. स्टुडिओ वनमध्ये 2020 च्या पाचव्या आवृत्तीपासून नोटेशन आहे, एडिटिंगला छान. प्रो टूल्समध्ये आठव्या आवृत्तीपासून सिबेलियसवर आधारलेला स्कोर आहे, सिबेलियसला थेट पाठवायचं असेल तर सोयीचा. एबलटनमध्ये स्टाफ नोटेशन नाहीच आणि एफएल स्टुडिओमध्ये स्टाफवर एडिटिंग करता येत नाही, त्यामुळे लाइव्ह वादकांसोबत काम करायचं असेल तर घेण्याआधी विचार करा.

आणि एक गोष्ट यातल्या कुणीच दिलेली नाही. भातखंडे पद्धतीची सरगम, विभागाच्या उभ्या रेघा, खाली सम-खालीची खूण, कोमल स्वराखाली रेघ, सप्तकाची टिंबं. बासरीवाले, सतारवाले, गायक, आपल्याकडचे निम्म्याहून जास्त लोक हेच वाचतात आणि त्यांच्यासाठी मला तोच पीस परत हाताने लिहावा लागतो. मिडीत स्वर आहे, मात्रा आहे, सा कुठला ते एकदा सांगितलं की बाकी सगळं हिशेबाचं काम आहे, कुणी प्रोग्रामर मंडळी वाचत असतील तर रीपरमध्ये स्क्रिप्ट लिहिता येतात, मनावर घ्या.

किंमत: रीपरचं साधं लायसन्स 60 डॉलर, कमर्शियल 225, आणि आधी 60 दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, कुठलंही फीचर बंद नसतं. एखादं तुमचंच जुनं गाणं घ्या, कीबोर्डवर वाजवा, डिस्प्ले क्वांटाइझ लावा, म्यूझस्कोरमध्ये पान काढा आणि ओळखीच्या व्हायोलिनवाल्याला दाखवा. कुठे पेन्सिलने खुणा करतो ते बघून सेटिंग बदला.