अमोनिया तपासायचं किट: चार महिने रोज वापरल्यानंतर

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला एकच गोष्ट मोजायची होती. कोळंबीच्या तलावातून बाहेर पडणारं पाणी समुद्री शेवाळाच्या टाक्यांतून फिरवलं, तर त्यातला अमोनिया किती कमी होतो? अमोनियाचा नमुना फार काळ टिकत नाही, रोज प्रयोगशाळा गाठणंही शक्य नव्हतं. म्हणून थेंब टाकून रंग बघायचं हे सॅलिसिलेट पद्धतीचं किट घेतलं.

वापरायला सोपं आहे. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं आणि थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. जितकं हिरवं, तितका अमोनिया जास्त. खाऱ्या पाण्यासाठी वेगळं रंगपत्रक दिलंय, हे मला फार आवडलं. लिटरमागे ०.२५ आणि ०.५ मिलीग्रॅम यांतला फरक मात्र ढगाळ दिवशी डोळ्यांना कळत नाही. मी तलावाइतक्याच खारट पाण्यात अमोनियम क्लोराइडची ठरावीक तीव्रतेची द्रावणं करून शेजारी ठेवायला लागले, तेव्हा कुठे आकड्यांवर भरवसा बसला. प्रबंधात आकडे घालणाऱ्यांनी हे करावंच.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. हे किट एकूण अमोनिया मोजतं, पण कोळंबीला विषारी असतो तो त्यातला आयन न झालेला, म्हणजे अमोनियमात न बदललेला भाग. तो किती, हे मुख्यतः पीएच आणि तापमानावर ठरतं. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात पीएच ८ असताना हा भाग पाच-सहा टक्के असतो, तोच पीएच ९ ला एक तृतीयांशाच्या वर जातो. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही! तलावात सूक्ष्म शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारी पीएच चढतो. तलाववाले काका नेहमी सकाळी तपासायचे आणि निर्धास्त व्हायचे. एकदा मी त्यांना दोन्ही वेळा नळी दाखवली. रंग सारखाच, १ चा. पीएच मात्र सकाळी ७.८ आणि दुपारी ८.८. म्हणजे विषारी भाग जवळजवळ सातपट. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

पूर्वी शंका आली की ते पाणी बदलायचे, आणि तलावातला सगळा भार खाडीत जायचा. खाद्यातल्या नायट्रोजनचा साधारण पाव हिस्साच कोळंबीच्या अंगी लागतो, बाकीचा पाण्यात किंवा तळाच्या गाळात जातो. आता ते आधी चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते कळायला तलावात ठेवलेलं तबक, उचलून बघतात आणि खाद्य उरलं असेल तर पुढची फेरी कमी करतात. माझ्या शेवाळाच्या टाक्यांपेक्षा या बदलाचं मला जास्त अप्रूप वाटतं.

प्रबंधासाठी आणि तलावासाठी, दोन्हीकडे हे किट घ्यावं असंच मी सांगेन, पण सोबत पीएच मीटर हवाच. तपासून झालेलं पाणी तलावात ओतू नका, त्यात क्लोरीनयुक्त रसायन असतं. वेगळ्या कॅनमध्ये साठवा. दुसऱ्या बाटलीचं झाकण पाझरतं, ती उभीच ठेवा.